महाग काय आहे, गोल्फ की त्याचं फाटक?

मंडळी, आज जरा लांब लिहितोय. चहा घेऊन बसा.

७ ऑगस्ट २०२१ चा शनिवार आठवतो का? त्या दिवशी पहाटे आपल्यातले कितीतरी लोक आयुष्यात पहिल्यांदा गोल्फ बघायला टीव्हीसमोर बसले होते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये बंगळुरूची २३ वर्षांची अदिती अशोक पदकासाठी झुंजत होती. जागतिक क्रमवारीत २०० वी, बॅग उचलायला सोबत आई. शेवटी ती चौथी आली. एक फटका कमी लागला असता तर पदकाच्या बरोबरीत असती. संध्याकाळी नीरज चोप्रानं भाल्याचं सोनं आणलं आणि सकाळचं गोल्फ सगळा देश विसरला.

पण त्या आठवड्यात मला आर्वी नाक्यावर एका पानठेलेवाल्यानं विचारलेला प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. "भाऊ, हे गोल्फ आपल्या पोट्ट्यायले शिकता येते का? का खर्च लागते?"

बाजूला उभा असलेला एक जण लगेच म्हणाला, "काहून बाप्पा, सायबायचा खेळ हाय तो. आपलं काय काम तिथं?"

हे दुसरं वाक्य आपण सगळेच बोलतो. मीही ऐकून मान डोलावतो. पण हा खेळ साहेबांचा कधी झाला, कोणी केला, आणि मूळचाच तसा होता का, याचा इतिहास काढला तर गंमत दिसते. गोल्फला दोन खर्च आहेत. एक काठी-चेंडूचा, दुसरा फाटकाचा. पहिला खर्च गेल्या पावणेदोनशे वर्षांत कमी कमी होत गेला. दुसरा मात्र आपल्या देशात कमी झालाच नाही. आजची पोस्ट याच दुसऱ्या खर्चाबद्दल आहे.

धनगरांच्या कुरणातला खेळ

गोल्फ वाढला स्कॉटलंडमध्ये. समुद्रकाठची वाळूमिश्रित जमीन, जिथं धड पीक येत नाही, तिथं मेंढ्या चरायच्या. गाव आणि समुद्र यांना जोडणाऱ्या या पट्ट्याला ते लोक 'लिंक्स' म्हणत. म्हणजे आपल्या भाषेत गावची गायरान जमीन. मेंढ्यांनी कुरतडून बारीक केलेलं गवत, वाऱ्यानं पडलेले खड्डे, आणि त्यात काठीनं चेंडू मारत जाणारे लोक. खेळ एवढा पसरला की १४५७ मध्ये स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स याच्या संसदेनं फुटबॉल आणि गोल्फ या दोन्हींवर बंदी घातली. कारण काय, तर लोक धनुष्यबाणाचा सराव सोडून हेच खेळत बसतात. मूठभर श्रीमंतांच्या खेळावर कोणी अशी बंदी घालत नाही. चौकाचौकात चालतं त्यावरच घालतात.

आज जगातलं सर्वांत प्रसिद्ध मैदान म्हणजे सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स. ते आजही कोणा क्लबच्या खाजगी मालकीचं नाही, सार्वजनिक आहे. रविवारी तिथं खेळ बंद असतो आणि गावकरी त्यावर फिरायला येतात. लेकरंबाळं, कुत्री, म्हातारी माणसं, सगळे. ज्या हिरवळीवर जगातले मोठे खेळाडू खेळतात, त्यावर रविवारी गावातली आजी चक्कर मारते. हे चित्र डोक्यात ठेवा, पुढं लागेल.

आता चेंडूची गोष्ट. जुन्या काळी चेंडू चामड्याचा असायचा, आत पक्ष्यांची पिसं उकडून ठासून भरलेली. एक चांगला कारागीर दिवसभरात तीन-चारच बनवायचा. काठीपेक्षा चेंडू महाग पडायचा, आणि पावसात भिजला की फुटायचा. १८४८ च्या सुमारास मलायातल्या एका झाडाच्या चिकापासून, गटापर्चापासून, चेंडू बनायला लागले. स्वस्त, टिकाऊ, चेपला तर गरम करून पुन्हा गोल करता येणारे. पिसांचे चेंडू बनवणारे साहजिकच चिडले. सेंट अँड्र्यूजचा नावाजलेला कारागीर अॅलन रॉबर्टसन याचं आपल्या हाताखालच्या टॉम मॉरिसशी याच कारणावरून बिनसलं. टॉम नव्या चेंडूनं खेळताना दिसला म्हणून. हा टॉम मॉरिस विणकराचा पोरगा. पुढं त्यानं ब्रिटिश ओपन चार वेळा जिंकली.

म्हणजे चेंडू स्वस्त झाला आणि खेळ साध्या माणसाच्या हातात गेला. विणकराचा पोरगा आणि झाडाचा चीक. यात साहेब कुठं आहे?

साहेब बोटीतून उतरला

साहेब आपल्याकडे आला. १८२९ मध्ये कलकत्त्यात गोल्फ क्लब निघाला. पुढं तोच रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब झाला. ब्रिटनच्या बाहेर निघालेला हा पहिला मोठा क्लब. १८४२ मध्ये मुंबईतही क्लब निघाला. मग जिथं छावणी तिथं गोल्फ, जिथं थंड हवेचं ठिकाण तिथं गोल्फ. आपला वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरमधून वेगळा झाला तो मध्य प्रांतात. त्या प्रांताचं उन्हाळी बिऱ्हाड पचमढीला जायचं. आज पचमढीला गेलात तर तिथं 'गोल्फ व्ह्यू' नावाचं हॉटेल दिसेल, समोर गोल्फचं मैदान. कामठीची छावणी १८२१ ची, तिथंही सैन्याचं गोल्फ आहे.

स्कॉटलंडचा गायरानातला खेळ इथं येताना कुंपण घेऊन आला. तिकडं जमीन गावची होती. इथं जमीन सरकारची आणि सरकार साहेबांचं. मैदानात नेटिव्ह माणसाला प्रवेश होता, पण माळी म्हणून, किंवा कॅडी म्हणून. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची पिशवी खांद्यावर घेऊन मागं चालणारा, झुडपात हरवलेला चेंडू शोधून देणारा पोरगा. रोज मैल-दोन मैल नाही, चार-पाच मैल. अठरा होलची एक फेरी तेवढी होते.

एक गोष्ट मात्र आपल्या कामाची आहे. हिंदुस्थानात पाणी कमी, ऊन जास्त. हिरवळ टिकायची नाही. तेव्हा कितीतरी मैदानांवर साहेबांनी 'ग्रीन' ऐवजी 'ब्राऊन' केले. होलभोवतीची जागा सपाट करायची, बारीक वाळू पसरायची, कधी तेल मारायचं, दाबून घ्यायची. झालं. गवत नाही, पाणी नाही. चेंडू छान घरंगळतो. गोल्फला हिरवागार गालिचाच लागतो हा समज टीव्हीनं करून दिलाय. आपल्या देशात गोल्फ मातीवर आणि वाळूवर खेळला गेलाय. ऑस्ट्रेलियात कूबर पेडी नावाचं खाणकामगारांचं गाव आहे, तिथल्या मैदानावर गवताचं पातंही नाही. खेळणारे हातभर नकली गवताचा तुकडा सोबत घेऊन फिरतात, चेंडू त्यावर ठेवून मारतात.

१९१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यानं गोरे आणि हिंदी दोघांनाही खुला असा विलिंग्डन क्लब काढला. मोठी गोष्ट होती ती त्या काळात. पण दार उघडलं ते राजे, नबाब, शेठ, बॅरिस्टर यांच्यासाठी. रंगाचं कुंपण थोडं खाली आलं, पैशाचं तिथंच राहिलं. स्वातंत्र्यानंतर गोरे साहेब गेले, काळे साहेब आले, आणि पिशवी उचलणारा पोरगा पिशवीच उचलत राहिला.

मागं चालणारा बघून शिकतो

आता या इतिहासाचा माझ्या आवडीचा भाग. पिशवी उचलणारा आंधळा नसतो. तो रोज बघतो. कोण कसं उभं राहतं, काठी कशी धरतो, कुठं चुकतो.

गोल्फचं सोडा, क्रिकेटचं बघा. पुण्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पाळवणकर बाळू नावाचा चर्मकार समाजातला तरुण साहेबांच्या क्लबात मैदान झाडायला, नेट लावायला होता. पगार महिना चार रुपये. साहेबांना सराव म्हणून तो नेटमध्ये तासन् तास गोलंदाजी करायचा. ग्रेग नावाच्या साहेबाला बाद केलं की आठ आणे मिळायचे असं सांगतात. हातात बॅट मात्र कोणी दिली नाही, कारण बॅटिंग हे मोठ्या लोकांचं काम. पुढं हिंदूंच्या संघाला त्याला घ्यावंच लागलं, तरी चहा त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. हाच बाळू १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेऊन आला.

गोल्फमध्येही तेच झालं, फक्त वेळ जास्त लागला. इंडियन ओपन ही आपल्या देशाची मुख्य स्पर्धा १९६४ मध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षी ऑस्ट्रेलियाचा पीटर थॉमसन जिंकला. १९६५ मध्ये पी. जी. सेठी हा हौशी भारतीय खेळाडू जिंकला. त्यानंतर सव्वीस वर्षं एकही भारतीय नाही. १९९१ मध्ये जो जिंकला त्याचं नाव अली शेर. दिल्ली गोल्फ क्लबात कॅडी म्हणून सुरुवात केलेला माणूस. १९९३ मध्ये त्यानं पुन्हा जिंकून दाखवलं.

कोलकात्यात एस. एस. पी. चौरसियाचे वडील त्याच रॉयल कलकत्ता क्लबात मैदानाची निगा राखायचे. पोरगा तिथंच बघून बघून शिकला. २००८ मध्ये दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकला, २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन. २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकमध्ये ११२ वर्षांनी गोल्फ परत आलं, तेव्हा भारताच्या संघात हा माळ्याचा पोरगा होता.

बघा, या लोकांकडं पैसा नव्हता. पण फाटकाच्या आत उभं राहायची जागा होती. नोकर म्हणून का होईना, होती. अदिती अशोकची सुरुवातही अशीच दिसण्यापासून झाली. पाच वर्षांची असताना घरच्यांसोबत नाश्त्याला गेली, तिथून बंगळुरूची सरावाची रेंज दिसायची. हे काय चाललंय म्हणून विचारलं, आणि आत जाता आलं. जे दिसतं ते पोरगं मागतं. वर्ध्याच्या पोराला काय दिसतं?

डर्बनचा पाऊस आणि वर्ध्याचं मंदिर

आता एक गोष्ट सांगतो जी आपल्या वर्धेकरांना जास्त लागेल.

दक्षिण आफ्रिकेतला नाताळ प्रांत. १८९३ मध्ये याच प्रांतात पीटरमारिट्झबर्गच्या स्टेशनावर मोहनदास गांधी नावाच्या बॅरिस्टरला पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवलं गेलं. सत्तर वर्षांनी, १९६३ मध्ये, त्याच प्रांतातली नाताळ ओपन ही गोल्फ स्पर्धा डर्बनमध्ये झाली. जिंकला सेवसंकर 'पापवा' सेवगोलम. हिंदुस्थानातून मजूर म्हणून गेलेल्यांच्या वंशातला, कॅडीचं काम करून शिकलेला, शाळेचं तोंड न पाहिलेला. काठी धरायचा तीही उलटी, उजव्या माणसानं डावा हात खाली ठेवून. कोणी शिकवलंच नव्हतं, त्यामुळं उलटं की सुलटं हे सांगणार कोण? त्याच उलट्या हातांनी त्यानं त्याआधी १९५९ आणि १९६० मध्ये हॉलंडची डच ओपनही जिंकली होती.

डर्बनमध्ये बक्षीस द्यायची वेळ आली आणि पाऊस सुरू झाला. गोरे खेळाडू आणि पाहुणे क्लबहाऊसमध्ये. विजेता बाहेर. कातडीच्या रंगामुळं त्याला आत प्रवेश नव्हता. चषक त्याला बाहेर, पावसात दिला गेला. तो फोटो जगभर गेला आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेळावर बहिष्कार टाकायच्या मागणीला जोर आला. १९६५ मध्ये त्यानं पुन्हा नाताळ ओपन जिंकली, गॅरी प्लेअरसारख्या दिग्गजाला मागं टाकून. बक्षीस काय मिळालं? पुढं स्पर्धांमध्ये खेळायचीच बंदी.

आणि आपल्या वर्ध्यात? १९२८ मध्ये जमनालाल बजाजांनी लक्ष्मीनारायण मंदिराचं दार दलितांसाठी उघडलं. डर्बनच्या त्या पावसाच्या पस्तीस वर्षं आधी. विरोध झाला नसेल असं नाही, पण दार उघडलं. आपलं गाव दारं उघडणारं गाव म्हणून इतिहासात आहे. म्हणून फाटकाचा प्रश्न आपण विचारायचा नाही तर कोणी विचारायचा?

आणि हे सगळं जुनं झालं असं समजू नका. २०१७ च्या जूनमध्ये दिल्ली गोल्फ क्लबात पाहुणी म्हणून जेवायला गेलेल्या मेघालयातल्या एका खासी बाईंना उठवण्यात आलं. त्यांनी आपला पारंपरिक पोशाख घातला होता आणि तो कोणाला मोलकरणीसारखा वाटला. पेपरात आल्यावर दिलगिरी वगैरे झाली. पण बघा, शंभर वर्षांत वाक्य तेच राहिलं. तुमचं काय काम इथं?

चेंबूरच्या गल्लीतली सळई

आता पानठेलेवाल्याच्या प्रश्नाकडं येतो. खर्च किती?

याचं उत्तर मुंबईत चेंबूरच्या पोरांनी देऊन ठेवलंय. चेंबूरला १९२७ पासून बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. जवळच्या झोपडपट्टीतली पोरं तिथं कॅडी. मैदानावर खेळता येत नाही, मग त्यांनी वस्तीतच खेळ मांडला. बांधकामाची लोखंडी सळई घ्यायची, टोकाला वाकवायची, झाली काठी. प्लास्टिकचा चेंडू. गल्ली, गटार, पायऱ्या, पत्रे, हेच मैदान. परदेशी छायाचित्रकार येऊन फोटो काढून गेले, जगभर छापून आले.

मला हे वाचताना आपली नई तालीम आठवते. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी जे मांडलं ते हेच होतं ना, हातानं वस्तू बनवता बनवता शिका. चेंबूरच्या पोरांना ते कोणी सांगितलं नव्हतं. गरजेनं शिकवलं.

मोठ्या नावांचंही तेच. स्पेनचा सेव्हे बालेस्तेरोस पोरपणी फक्त एका तीन नंबरच्या लोखंडी काठीवर गावच्या समुद्रकिनारी शिकला. क्लबात खेळायला बंदी, म्हणून रात्री गुपचूप घुसायचा. पुढं ब्रिटिश ओपन तीनदा आणि अमेरिकेची मास्टर्स दोनदा जिंकला. अमेरिकेत १९१३ मध्ये फ्रान्सिस विमेट हा पूर्वी कॅडी राहिलेला वीस वर्षांचा पोरगा त्या काळच्या दोन नामांकित इंग्रजांना हरवून यूएस ओपन जिंकला. त्याची पिशवी उचलायला होतं दहा वर्षांचं पोरगं.

नियम काय सांगतो? पिशवीत जास्तीत जास्त १४ काठ्या. जास्तीत जास्त! कमीत कमी किती याचा नियमच नाही. दुकानदार तुम्हाला पूर्ण सेट दाखवतो, नियमाला एक काठीही चालते.

वावरातलं गोल्फ

गेल्या वर्षभरात मी हे स्वतः करून बघितलं. वय चव्वेचाळीस, शुगर काठावर, डॉक्टर म्हणतात चाला. पुलगावच्या ओळखीच्या एका निवृत्त फौजीनं आपल्या अडगळीतून दोन काठ्या दिल्या. एक सात नंबरची लोखंडी, आणि एक पटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून ढकलायची काठी. चेंडू आणले छिद्रांचे, पोकळ, प्लास्टिकचे. तीनशे रुपयांच्या आत काम झालं. सेवाग्राम रोडकडं एका मित्राचं वावर आहे. सोयाबीन निघालं की तिथं सकाळी जातो. पहिल्या दिवशी धुऱ्यावरून एका म्हाताऱ्या काकांनी विचारलं, "काय शोधून राह्यला बाप्पा? काही पडलं का?"

ज्यांना सुरुवात करायची त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी लिहून ठेवतो.

एक, पटरपासून सुरू करा. अठरा होलच्या मैदानाचा हिशेब साधारण ७२ फटक्यांचा. त्यात प्रत्येक होलवर दोन पट धरलेले असतात, म्हणजे ३६. अर्धा खेळ जमिनीवर ढकलण्याचा! तो अंगणात शिकता येतो. होलची रुंदी असते १०८ मिलिमीटर. घरातला स्टीलचा पेला त्याहून लहान. तो आडवा ठेवा आणि सहा-सात फुटांवरून चेंडू आत घाला. पेल्यात जायला लागला तर होलमध्ये डोळे झाकून जाईल.

दोन, मग छोटे फटके. बांधकामाचं घमेलं दहा-पंधरा पावलांवर ठेवा आणि सात नंबरनं चेंडू त्यात टाकायला बघा. ठण्ण असा आवाज आला की दिवस चांगला जातो.

तीन, चेंडू उंचावर ठेवायला खुंटी विकत घ्यायची गरज नाही. लाकडी खुंटीचं पेटंट १८९९ चं, बोस्टनच्या जॉर्ज ग्रँट या कृष्णवर्णीय दंतवैद्याच्या नावावर. त्याआधी सगळे लोक चिमूटभर ओल्या वाळूचा ढीग करून त्यावर चेंडू ठेवत. आपली काळी माती त्याहून चांगली बसते.

चार, आणि हे महत्त्वाचं. खरा चेंडू कडक असतो, डोक्याला लागला तर जीव जाऊ शकतो. मैदानात पोरं खेळतात, तिथं खरा चेंडू कधीच मारायचा नाही. प्लास्टिकचाच. आणि उन्हाळ्यात आपल्या वावरात खरा चेंडू मारलात तर भेगेत गेलेला परत मिळत नाही, हेही सांगून ठेवतो.

सहा महिने हे केलं, गोडी टिकली, तर मग पुढचा विचार. मोठ्या शहरांत सरावाची रेंज असते, बादलीच्या हिशेबानं चेंडू मिळतात. सभासद नसलेल्यांना आत घेतात का, काठी भाड्यानं देतात का, एवढं फोनवर विचारा आणि मगच निघा. सेट विकत घेणं सगळ्यात शेवटी.

"पण भाऊ, आपल्याला गोल्फ कशाला?"

हा प्रश्न येणार मला माहीत आहे. २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांसाठी ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं त्यात आपला वर्धा होता. कापसाला भाव नाही, पोरांना नोकरी नाही, आणि तुम्ही गोल्फचं काय लावलंय?

प्रश्न खरा आहे. माझंही म्हणणं वर्ध्यात पाचशे एकरांचं हिरवं मैदान करा असं अजिबात नाही. उन्हाळ्यात नळाला एक दिवस आड पाणी येणाऱ्या गावात गवताला पाणी पाजणं हे पाप आहे. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयानं आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले, ते बरोबरच होतं.

माझा मुद्दा जागेचा आहे. गोल्फ हे फक्त सगळ्यात टोकाचं उदाहरण. सायकल, टेनिस, पोहणं, बॅडमिंटन, कशाचंही बघा. वस्तू स्वस्त झाल्या, जागा महाग झाली. आपल्या लहानपणी विटी-दांडू खेळायला जागा कोणाला विचारली होती? आज मोकळी मैदानं कधी प्रदर्शनाला, कधी सभेला, कधी पार्किंगला. उरलेल्या दिवशी फाटकाला कुलूप. मी स्वतः एका सार्वजनिक मैदानावर सकाळी पटर घेऊन गेलो, तर तिथल्या माणसानं हाकललं. म्हणाला, परवानगी आणा. कोणाची, ते त्यालाही सांगता आलं नाही.

शेजारच्या अमरावतीत १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघालं. आखाड्याची माती आणि मल्लखांबाचं लाकूड, एवढंच भांडवल. १९३६ मध्ये त्यांची पोरं बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आली. विदर्भाची पोरं तिथवर पोहोचली ती महागड्या साहित्याच्या जोरावर नव्हे. रोज उघडं असलेलं एक अंगण त्यांच्याजवळ होतं.

तेव्हा मागणी छोटी आहे. गावातल्या एखाद्या मैदानाच्या कोपऱ्यात वीस बाय वीस फुटांची जागा. मुरूम टाकून, वर वाळू दाबून सपाट केलेली. साहेबांचा 'ब्राऊन'च म्हणा. पाणी लागत नाही. मध्ये १०८ मिलिमीटरचा एक खड्डा. बाजूला एक जाळी. वेल्डिंगवाल्याकडून वाकवून घेतलेल्या पाच-सहा सळया, प्लास्टिकचे चेंडू. शाळा सुटल्यावर ज्याला वाटेल त्यानं यावं, पोरींनीही. शंभरातले नव्वद दोन दिवसांत कंटाळून क्रिकेटकडं जातील, जाऊ द्या. उरलेल्या दहांना निदान कळेल की हा खेळ आपल्याला जमतो की नाही. न जमल्यामुळं सोडणं वेगळं आणि फाटक बंद म्हणून कधी हातच न लावणं वेगळं.

वर्ध्यातून ऑलिम्पिकपटू निघेल अशी थाप मी मारणार नाही. पण चार रुपये पगारावर नेट लावणारा बाळू, पिशवी उचलणारा अली शेर, पावसात चषक घेणारा पापवा, यांच्याबद्दल वाचल्यावर एक गोष्ट पक्की कळते. गुण कुठं जन्माला येईल ते कोणाच्या हातात नाही. कुलपाची किल्ली मात्र माणसांच्याच हातात असते.

म्हणून पुढच्या वेळी मतं मागायला कोणीही दारात आलं, कोणत्याही पक्षाचं, तर रस्ता-नाली विचाराच. त्यासोबत एक प्रश्न वाढवा. "आमच्या वॉर्डातलं मैदान आठवड्यात किती तास उघडं राहते, अन् किल्ली कोणाजवळ राहते?"

उत्तर मिळालं तर मला जरूर कळवा. त्यावर पुढची पोस्ट लिहीन.